अवघी वीस आसनं

स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानाच्या माणसं नेणाऱ्या कुप्या पाच: एंडेव्हर, रेझिलियन्स, एन्ड्युरन्स, फ्रीडम आणि २०२५मध्ये आलेली ग्रेस. प्रत्येकीत आसनं चार. पाच चोक वीस. पैसे मोजून अमेरिकेतून पृथ्वीच्या कक्षेत जायचं तर आज एवढ्याच जागा आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा नासाच्या नेहमीच्या फेऱ्यांना लागतात. एसटीच्या एका लाल गाडीत याच्या दुपटीहून जास्त माणसं बसतात.

मी तीस वर्षं दादरला तिकीट बुकिंगच्या खिडकीमागे काढली. अंतराळ प्रवासाबद्दल काही वाचलं की मी आधी आसनं मोजतो, मग फेऱ्या, आणि मग एकदा जाऊन आल्यावर पुन्हा तिकीट मागायला येणारा माणूस कोण आहे ते बघतो. या वहीत त्याच सवयीने लिहिलेल्या नोंदी आहेत.

*

पहिलं कात्रण २००१ सालचं. २८ एप्रिलला बैकोनूरहून सोयुझ उडालं, आत डेनिस टिटो होते. वय ६०. तरुणपणी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत इंजिनिअर, पुढे गुंतवणुकीच्या धंद्यात पैसा केलेला. भाडं सुमारे दोन कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने नव्वद कोटी रुपयांच्या वर. ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा होता. मला प्रश्न पडला तो जागेचा. रशियाकडे विकायला आसन शिल्लक राहिलं कसं?

त्याचं उत्तर मला फार आवडलं. आणीबाणीत उतरता यावं म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला एक सोयुझ कायम जोडून ठेवावी लागे. ती वर सहाएक महिनेच धड राहते. म्हणून दर सहा महिन्यांनी ताजं यान वर न्यायचं आणि जुनं खाली आणायचं. या अदलाबदलीला दोन माणसं पुरत, तिसरं आसन रिकामं जाई. फेरी होणारच होती, तिचा खर्च आधीच मांडलेला होता. टिटोंचे पैसे ही वरकमाई. घाटातल्या गावाला मालाचा ट्रक जातो, केबिनमध्ये एक जागा असते, रस्त्यात हात केलेल्या माणसाला ड्रायव्हर घेतो. ट्रक मालाच्या भाड्यावर चालतो.

टिटोंच्या मागून आणखी सहा जण असे गेले: शटलवर्थ, ऑल्सेन, अनुशे अन्सारी, सिमोनी, गॅरियट, लालिबर्ते. शेवटचे लालिबर्ते २००९मध्ये. त्याच वर्षी स्थानकावरची वस्ती तीनवरून सहावर गेली आणि सोयुझची तिन्ही आसनं कामावर जाणाऱ्यांना लागू लागली. २०११मध्ये अमेरिकेने आपलं शटल यान बंद केलं, मग नासालाच आपल्या सगळ्या माणसांसाठी रशियाकडून तिकिटं घ्यावी लागली, आणि पुढच्या काही वर्षांत भाडं आसनामागे आठ कोटी डॉलरांच्या पुढे गेलं. एवढं देणारं सरकार दारात उभं असताना हौशी प्रवाशाला जागा कुठून मिळणार? गिऱ्हाइकं होती, पैसेही होते. आसन नव्हतं.

*

या सात जणांत दुसऱ्यांदा गेले ते एकटे चार्ल्स सिमोनी, २००७ आणि २००९. ही नोंद लाल शाईने केली आहे.

*

टिटोंच्या आधीही एक प्रवासी होऊन गेला, तो लोकांच्या लक्षात नाही. तोयोहिरो अकियामा, जपानच्या टीबीएस वाहिनीचे पत्रकार. डिसेंबर १९९०. भाडं वाहिनीने सोव्हिएत सरकारला भरलं आणि अकियामांनी मीर स्थानकावरून रोज बातम्या दिल्या. त्यांना वर फार मळमळलं, तेही त्यांनी प्रेक्षकांना सांगितलं. हे मला महत्त्वाचं वाटतं. अंतराळात गेलेल्या माणसांपैकी साधारण निम्म्यांना पहिले एक-दोन दिवस असा त्रास होतो. तीन दिवसांच्या सहलीतला एक दिवस त्यात जाणार असेल तर ते तिकीट विकताना सांगायला हवं.

अकियामांनी १९९५मध्ये वाहिनी सोडली आणि फुकुशिमा भागात शेती सुरू केली. २०११च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर ती जमीनही सोडावी लागली.

*

‘अंतराळ प्रवास’ हा एकच शब्द दोन वेगळ्या मालांना वापरतात. गिऱ्हाईक फसतं ते इथे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

पहिला माल म्हणजे वर जाऊन लगेच खाली. ब्लू ओरिजिनचं न्यू शेपर्ड साधारण शंभर किलोमीटरच्या वर जाई आणि उतरे. सगळं मिळून दहा-अकरा मिनिटं, त्यांत वजन हरवल्यासारखं वाटे ती तीन-चार मिनिटं. सर्वांत जास्त वेग ताशी साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. दुसरा माल म्हणजे कक्षेत राहणं. तिथे ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर वेग लागतो, नाहीतर माणूस खाली येतो. वेग आठपट, म्हणजे प्रत्येक किलोमागे गतिज ऊर्जा चौसष्टपट. शिवाय ती सगळी ऊर्जा परत येताना हवेशी घासून उष्णतेच्या रूपात टाकून द्यायची, म्हणून उष्णतारोधक कवच आलं.

भाड्यातला फरक याहून मोठा. २०२१मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिकचं तिकीट साडेचार लाख डॉलर होतं. एप्रिल २०२२मध्ये ॲक्सिअम या खासगी कंपनीच्या पहिल्या सहलीला स्थानकावर गेलेल्यांनी माणशी साडेपाच कोटी डॉलर दिले. शंभरपटीहून जास्त. म्हणून छोट्या उड्या आधी स्वस्त होतील, लोकांना सवय लागेल आणि तोच रस्ता कक्षेपर्यंत जाईल, हे मला पटत नाही. माथेरानच्या गाडीत बसल्याने हिमालयाची वाट सोपी होत नाही. दोन्हींना डोंगरच म्हणतात एवढंच.

*

आमच्या धंद्यात जुनं होत गेलं की भाडं उतरतं. व्हर्जिनचं उलट झालं. सुरुवातीला दोन लाख डॉलर, मग अडीच, मग साडेचार, पुढे सहा लाख. कंपनी निघाली २००४मध्ये, पहिली व्यावसायिक फेरी झाली जून २०२३मध्ये. त्या फेरीचे प्रवासी कोण? इटलीच्या हवाई दलाचे अधिकारी आणि तिथल्या राष्ट्रीय संशोधन मंडळाचा एक इंजिनिअर, प्रयोग घेऊन गेलेले. पहिलं गिऱ्हाईक पुन्हा सरकारच.

त्यानंतरच्या ऑगस्टमधल्या फेरीत जॉन गुडविन गेले. तिकीट काढलं होतं २००५मध्ये. मधल्या काळात त्यांना पार्किन्सन्स झाला. ऐंशीव्या वर्षी, अठरा वर्षं वाट पाहून, तो माणूस गेला. आणि जून २०२४मध्ये ते यान निवृत्त झालं; नवी यानं तयार होईपर्यंत फेऱ्या थांबल्या.

*

आगाऊ रकमेबद्दल माझं मत कडक आहे. आमच्या काळात एक विमान कंपनी रातोरात बंद पडली. सकाळी खिडकी उघडली तर बाहेर तीस-चाळीस माणसं. एका मुलीचं लग्न होतं, नवऱ्या मुलाकडची मंडळी दिल्लीहून यायची होती. पैसे कंपनीकडे अडकले होते आणि चेहरे आमच्यासमोर होते. बऱ्याच जणांना त्यातला रुपयाही परत मिळाला नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या प्रवासी धंद्याला आधी हेच विचारतो: आगाऊ घेतलेले पैसे कुठल्या खात्यात आहेत? रॉकेट बांधण्यात खर्च झालेत की वेगळे ठेवलेत? उड्डाणाला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात हे दिसल्यावर तर हा प्रश्न सरकारांनीच कंपन्यांना विचारायला हवा.

*

वॉली फंक. १९६१मध्ये अमेरिकेत काही महिला वैमानिकांनी अंतराळवीरांच्या वैद्यकीय चाचण्या दिल्या, त्यांतल्या त्या एक. उत्तम निकाल. पण स्त्रियांना पाठवायचं नव्हतं. २०१०मध्ये त्यांनी व्हर्जिनचं तिकीट स्वतःच्या पैशाने काढलं. शेवटी गेल्या त्या दुसऱ्याच कंपनीच्या, ब्लू ओरिजिनच्या यानातून, २० जुलै २०२१ला, तिचे मालक जेफ बेझोस यांच्यासोबत. वय ८२. सरकारने नाकारलेलं आसन बाजाराने दिलं, हे मान्य करायलाच हवं. या धंद्याबद्दल मला आस्था वाटते त्यातलं मोठं कारण या बाई आहेत.

त्याच उड्डाणातलं एक आसन लिलावात दोन कोटी ऐंशी लाख डॉलरला गेलं. दहा मिनिटांच्या प्रवासाला एवढी किंमत आली ती माणसं घेऊन झालेल्या पहिल्या उड्डाणाला. पहिलेपणाचा भाव एकदाच मिळतो.

*

सुरक्षिततेचा हिशोब.

शटलची उड्डाणं १३५. त्यांतली दोन यानं गेली, चॅलेंजर आणि कोलंबिया. चौदा माणसं. कोलंबियात कल्पना चावला होत्या. प्रमाण काढलं तर सदुसष्ट-अडुसष्ट उड्डाणांत एक. मुंबईच्या विमानतळावर दिवसाला नऊशेच्या आसपास विमानं चढतात-उतरतात. हेच प्रमाण तिथे लावलं तर रोज तेरा अपघात. हे लिहिताना हात थांबतो, पण गिऱ्हाइकाला समजेल असा दुसरा हिशोब मला सुचत नाही.

चॅलेंजरमध्ये क्रिस्टा मॅकऑलिफ या शिक्षिका होत्या, अकरा हजारांहून जास्त अर्जांतून निवडलेल्या. २८ जानेवारी १९८६. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं. पुढच्या यादीत पत्रकार पाठवायचे होते, ती योजनाही बंद झाली. सामान्य नागरिकाला वर नेण्याचा विचार अमेरिकेत त्या दिवशी जो थांबला तो पुढे रशियाच्या पैशाच्या अडचणीतून, टिटोंच्या रूपाने, पुन्हा सुरू झाला. एका अपघाताने पंधरा वर्षं बाजार बंद राहू शकतो. व्हर्जिनचंही तसंच: ३१ ऑक्टोबर २०१४ला चाचणीत शेपटीच्या यंत्रणेचं कुलूप वेळेआधी उघडलं गेलं, यान हवेत मोडलं, सहवैमानिक मायकल ॲल्सबरी गेले.

अमेरिकेत २००४च्या कायद्याने ठरवलं की प्रवाशाला धोका लेखी सांगायचा आणि त्याने समजून-उमजून सही करायची. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी यान कसं असावं याचे नियम सरकारने अजून घालायचे नाहीत. या मनाईची मुदत वाढवत वाढवत आता १ जानेवारी २०२८पर्यंत नेली आहे. नवा धंदा नियमांखाली दबू नये, हा त्यामागचा विचार मी समजू शकतो. पण भाडं घेऊन माणसं नेणाऱ्याने नुसत्या सहीवर फार काळ चालवू नये. टॅक्सीत बसताना आपण सही करत नाही, कारण गाडीचं पासिंग कुणीतरी केलेलं असतं.

*

पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीने १९६०च्या दशकात चंद्रावर जाण्यासाठी नावं नोंदवून घेतली होती. सुरुवात व्हिएन्नातल्या एका पत्रकाराने प्रवासी एजन्सीत जाऊन चंद्राचं तिकीट मागितलं, तिथून. फी नव्हती, क्रमांक असलेलं कार्ड मिळे. १९७१मध्ये नोंदणी थांबली तोवर नव्वद हजारांहून जास्त नावं. कंपनी १९९१मध्ये बंद पडली. नव्वद हजार नावं पाहून मागणी आहे असं म्हणता येत नाही. भाडं न सांगता घेतलेलं नाव ही चौकशी. आमच्या खिडकीवर दिवसाला शंभर चौकश्या येत, तिकिटं दहा निघत.

*

काँकॉर्ड: १९७६ ते २००३. लंडन-न्यूयॉर्क साडेतीन तासांत. सेवेत विमानं चौदा, चालवणाऱ्या कंपन्या दोन. यंत्र अप्रतिम होतं, श्रीमंत गिऱ्हाईकही होतं, तरी जगाने दुसरं काँकॉर्ड बांधलं नाही. रॉकेटने अर्ध्या-पाऊण तासात जगाच्या दुसऱ्या टोकाला, असं कुणी म्हटलं की मी या ओळीकडे परत येतो.

*

जुहू. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ विमान घेऊन इथे उतरले. आत टपालाच्या थैल्या. त्या सेवेच्या पहिल्या वर्षात दहाएक टन टपाल गेलं आणि प्रवासी १५५. आज अब्जावधी रुपयांचा प्रवासी धंदा ज्यावर उभा आहे त्याचं पोट आधी पत्रांनी भरलं.

ड्रॅगनचंही असंच. २००८च्या डिसेंबरात नासाने स्पेसएक्सला बारा फेऱ्यांचं सामान वाहून न्यायचं कंत्राट दिलं, एकशे साठ कोटी डॉलरचं. २०१२मध्ये कुपी सामान घेऊन स्थानकाला लागली. माणसं बसली ती २०२०मध्ये. आज स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटचा एकेक खालचा टप्पा वीस-तीस वेळा वापरला जातो तोही मुख्यतः उपग्रह सोडण्यासाठी. तीच सवय, तीच तपासणी, तीच माणसं प्रवाशाच्या कामी येतात. प्रवासी वाहतुकीला काही भवितव्य असेल तर ते या रस्त्याने येईल असं माझं ठाम मत आहे: आधी माल, मग कामावर जाणारा माणूस, आणि सहलीचा माणूस त्याच्या मागून.

*

लोकांना वाटतं आमची एजन्सी स्वित्झर्लंडच्या सहलींवर चालायची. आमचं दुकान चालायचं ते आखातात कामाला जाणाऱ्या माणसांवर. सुतार, वेल्डर, ड्रायव्हर. दोन वर्षांनी घरी, पुन्हा परत. त्यानंतर अमेरिकेत मुलीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आया. स्वित्झर्लंडला माणूस आयुष्यात एकदा जातो. ज्याचं तिकडे काम आहे, माणूस आहे, तो पुन्हा येतो.

अंतराळात असं काम कुणाचं? आज तरी देशांचं. २५ जून २०२५ला दुपारी बारा वाजून एक मिनिटाने भारताचे शुभांशु शुक्ला ग्रेसमधून निघाले, तेव्हा त्यांच्या शेजारी पोलंडचे आणि हंगेरीचे अंतराळवीर होते. म्हणजे विकायच्या तिन्ही जागा सरकारांनी घेतलेल्या. भारताने सुमारे साडेपाचशे कोटी रुपये भरल्याचं बातम्यांत आलं. त्यावर टीका झाली. मला तो खर्च पटतो. स्वतःच्या गगनयान मोहिमेसाठी लागणारा अनुभव भारताने विकत आणला: उड्डाण पुढे पुढे जात राहिलं तेव्हाची तयारी, प्राणवायूच्या गळतीमुळे थांबलेलं रॉकेट, स्थानकावरची शिस्त, परतीनंतर शरीराचं पुन्हा जुळून येणं. सोबत प्रयोग होते. धारवाडच्या शास्त्रज्ञांनी पाठवलेल्या मेथीच्या आणि मुगाच्या दाण्यांना वर मोड आणले. शुक्लांच्या डब्यात आमरसही होता.

सौदी अरेबिया २०२३मध्ये, तुर्कस्तान २०२४मध्ये याच रस्त्याने गेले. आता बघायचं ते हे, की यांतला कुठला देश दुसरं तिकीट काढतो. लाल शाई तयार ठेवली आहे.

*

स्थानकावर जाणाऱ्या खासगी सहलीत प्रमुख म्हणून नासाचा माजी अंतराळवीर असलाच पाहिजे, असा नासाचा नियम होता. शुक्लांच्या उड्डाणात पेगी व्हिटसन होत्या. नियम योग्यच होता. पण धंद्याच्या अंगाने बघा: चार जागांतली एक टूर मॅनेजरची. आमच्याकडे चाळीस प्रवाशांमागे एक असे.

*

देव जोशी हा ‘बालवीर’ मालिकेतला मुलगा. डिसेंबर २०२२मध्ये जपानच्या युसाकु माएझावांनी चंद्राला फेरी मारायला निवडलेल्या आठ जणांत त्याचं नाव होतं. या उद्योगपतीने स्पेसएक्सच्या स्टारशिप यानातली सगळी आसनं विकत घेऊन कलावंतांना फुकट न्यायचं ठरवलं होतं. बेत जाहीर झाला २०१८मध्ये, जायचं होतं २०२३मध्ये. यान तयार नव्हतं. जून २०२४मध्ये सहल रद्द. माझ्या पुतण्याच्या मुलीने मला विचारलं, “आजोबा, मग त्यांच्या बॅगा भरून झाल्या होत्या का?” आमच्या खिडकीवर रद्द सहलीचं पत्र घेऊन आलेली माणसं मला आठवली.

*

आणि जायचं कुठे? आजचं स्थानक २०३०नंतर खाली आणायचं आहे. त्याला ढकलत समुद्रात आणणारं यान बांधायचं कंत्राटही जून २०२४मध्ये दिलं गेलं. खासगी स्थानकं बांधायचं काम चालू आहे, आणि ती मधल्या वर्षांत उभी राहिली नाहीत तर गाड्या असतील, धर्मशाळा नसेल. मला रॉकेटपेक्षा या गोष्टीची काळजी जास्त वाटते. नुसत्या कुपीत तीन-चार दिवस फिरून येता येतं, इन्स्पिरेशन ४ची चार माणसं २०२१मध्ये तशी फिरून आली. पण काम करायला जागा लागते, आणि काम नसेल तर सरकारं येणार नाहीत.

*

न्यू जर्सीला मुलीकडे निघालेल्या एक मावशी तिकीट हातात घेऊन खिडकीपाशी उभ्याच राहिल्या. मी म्हटलं, “मावशी, सगळं झालंय.” त्या म्हणाल्या, “जायचं बघितलं रे मी. परतीचं नक्की आहे ना?”

नासाचे अंतराळवीर सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जून २०२४मध्ये स्टारलायनरमधून आठ दिवसांसाठी गेले. यानात बिघाड निघाले, ते रिकामंच परत आणलं. मग सप्टेंबरमध्ये पुढच्या तुकडीचं ड्रॅगन निघालं तेव्हा तयारी पूर्ण झालेल्या दोन अंतराळवीर बायकांना, झेना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन यांना, मागे ठेवलं. २८ सप्टेंबरला यान उडालं ते दोनच माणसं घेऊन. उरलेली दोन आसनं रिकामी वर गेली आणि सहा महिने तशीच थांबली. मार्चच्या एकोणीस तारखेला आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजत आले होते, त्या दोघांना घेऊन ती फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरली. मी जागा होतो.